साठ खाटांच्या रुग्णालयाला कॅज्युअल्टीत फार्मासिस्ट लागतो का?

प्रश्न विचारणारे डॉक्टर जिल्ह्याच्या गावी साठ खाटांचं रुग्णालय चालवतात. एनएबीएचची (रुग्णालयाच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता) तयारी सुरू आहे आणि सल्लागाराने कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, क्लिनिकल फार्मासिस्ट (पेशंटजवळ राहून औषधांचं काम बघणारा फार्मासिस्ट) नेमायला सांगितलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आरएमओ (निवासी डॉक्टर) चोवीस तास आहे, सिस्टर अनुभवी आहेत, खाली मेडिकल रात्रभर उघडं असतं. मग हा आणखी एक माणूस तिथे उभा राहून करणार काय? तपासणीपुरता कागदावर दाखवायचा, की खरंच काही फरक पडतो?"

डॉक्टर, फरक पडतो. मात्र प्रिस्क्रिप्शन तपासायला म्हणून नेमणार असाल तर फारसा पडणार नाही, आणि चोवीस तास माणूस ठेवायचीही गरज नाही. मी बरीच वर्षं इमर्जन्सीत क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून काम करते. आधी मोठ्या शहरात होते, आता तुमच्याएवढ्याच रुग्णालयात आहे. त्यामुळे पुढचं सगळं त्या अनुभवातून लिहितेय.

वॉर्डात औषधाची ऑर्डर लिहिली जाते, इंडेंट (मागणीची चिठ्ठी) फार्मसीत जातो, तिथून औषध वर येतं, सिस्टर वाचून देतात. या वाटेवर दोन-तीन थांबे आहेत आणि प्रत्येक थांब्यावर कोणी ना कोणी कागद नजरेखालून घालतं. कॅज्युअल्टीत हे थांबेच नसतात. डॉक्टर पेशंट तपासता तपासता तोंडी सांगतात, सिस्टर ट्रॉलीतून अँप्यूल उचलतात, फोडतात, लोड करतात (सिरिंजमध्ये किंवा सलाईनमध्ये भरतात), देतात. केसपेपरवर नोंद मागाहून होते. डॉक्टरांची ऑर्डर बहुतेक वेळा बरोबरच असते. पण ट्रॉलीपासून शिरेपर्यंतच्या त्या दोन मिनिटांत दुसरी नजर कोणाची? आणि पेशंट घरून काय काय गिळून आलाय, हे तिथे कोणाला ठाऊक असतं? तुमचा खरा प्रश्न मला हा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यात तीन ठिकाणी आधी लक्ष द्या असं सांगितलं होतं: जोखमीचे प्रसंग, एकाच वेळी पुष्कळ औषधं घेणारे रुग्ण, आणि रुग्ण एका हातून दुसऱ्या हाती जातो ती वेळ. सत्तरीच्या आजोबांना दम लागलाय म्हणून रात्री अकराला रिक्षातून आणलं, की ही तिन्ही एकाच खाटेवर येतात.

आता काय कशावर अवलंबून आहे ते. तुमच्याकडे दिवसाला किती पेशंट येतात, हे त्यांच्या प्रकारापेक्षा कमी महत्त्वाचं. कोकणात साप-विंचू, विदर्भ-मराठवाड्यात फवारणीचं किंवा प्यायलेलं कीटकनाशक, शहरालगत हार्ट अटॅक, लकवा आणि हायवेचे अपघात. प्रत्येकाची ट्रॉली वेगळी लागते. दुसरं, रात्रीच्या आरएमओंचा इमर्जन्सीचा अनुभव किती. तिसरं, औषध लोड कोण करतं: कायमच्या सिस्टर, की दर चार महिन्यांनी बदलणारी नवी मुलं? या तीन गोष्टी मला माहीत नाहीत, म्हणून शिफ्टबद्दल शेवटी जे लिहिलंय ते या तिन्हींशी ताडून घ्या.

फार्मासिस्टचं निम्म्याहून जास्त काम पेशंट दारात यायच्या आधी झालेलं असतं, आणि ते ट्रॉलीवर होतं.

पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे केसीएल, घ्या. १५ टक्क्यांची १० मिलीची अँप्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम. आतला द्रव पाण्यासारखा. तिच्याच कप्प्यात डिस्टिल्ड वॉटरची १० मिलीची अँप्यूल ठेवलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिलीय. पहाटे तीनला अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला हात कुठल्या अँप्यूलवर जाईल? केसीएल पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. साध्या शिरेतून ते सलाईनमध्ये मिसळून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास देतात, यावरून अंदाज करा. "नीट वाचून घ्या" अशी नोटीस भिंतीला चिकटवण्यात अर्थ नाही. मी केसीएल ट्रॉलीतून काढूनच टाकते. वेगळं खोकं, कुलूप, घेताना दोघांची सही. आल्या आल्या केसीएल लागावं असा पेशंट कॅज्युअल्टीत अगदी विरळा. त्याच्यासाठी कुलूप उघडायला जाणारा वेळ मला चालतो.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या ५ मिलीच्या व्हायल दोन तऱ्हेच्या येतात: एकीत मिलीला १००० युनिट, दुसरीत ५०००. काचेचा आकार तोच. कॅज्युअल्टीत दोन्ही ठेवायच्या नाहीत. कुठली ठेवायची ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारा आणि दुसरी परत पाठवा.

इन्सुलिनवर जरा थांबते, कारण हा घोळ आपल्याकडे फार सहज होतो. साध्या इन्सुलिनची व्हायल मिलीला ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधली कार्ट्रिज मात्र मिलीला १०० युनिटची, आणि काही नव्या इन्सुलिनच्या व्हायलही १०० च्याच. त्यांची सिरिंज केशरी टोपणाची. पेशंटचं पेन नातेवाइकांनी पिशवीतून आणलेलं, पण सुई सापडत नाही. मग कोणीतरी लाल टोपणाच्या सिरिंजने कार्ट्रिजमधून १० च्या रेघेपर्यंत ओढतं. आत गेले २५ युनिट. उलटं झालं, म्हणजे ४० ची व्हायल आणि केशरी सिरिंज, तर १० च्या रेघेला जेमतेम ४ युनिट जातात आणि "शुगर उतरतच नाही" म्हणून पुढचा डोस चढवला जातो. उपाय साधा आहे. कॅज्युअल्टीच्या फ्रिजमध्ये फक्त ४० ची साधी व्हायल, तिच्याच डब्यात फक्त लाल सिरिंज, आणि पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने काढायचं नाही हा नियम. केशरी सिरिंज त्या खोलीतच नको.

ॲड्रेनॅलिनच्या कप्प्यावर मी मराठीत लेबल लावते. मोठ्या माणसाला इंजेक्शनची किंवा गांधीलमाशीची जोरदार ॲलर्जी: अर्धी अँप्यूल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. हृदय बंद: पूर्ण अँप्यूल, शिरेतून. मिलीला १ मिलिग्रॅमची तीच अँप्यूल आणि दोन अगदी वेगळे वापर. घाबरलेल्या क्षणी ॲलर्जीच्या पेशंटला पूर्ण अँप्यूल शिरेतून गेली, की धडधाकट हृदयाचे ठोके बिघडतात. लेबल इंग्रजीत का नाही, असं एका सरांनी विचारलं होतं. ते वाचणाऱ्या मुली मराठी माध्यमातून जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून आल्यात, इतकंच कारण.

एवढं झालं की पुढचं काम लोड करण्याचं. झटके थांबवणाऱ्या फेनिटॉइनचं उदाहरण देते. झटके थांबत नसलेला ६० किलोचा पेशंट, किलोला २० मिलिग्रॅम धरून १२०० मिलिग्रॅम. अँप्यूल १०० मिलिग्रॅमची, म्हणजे बारा फोडायच्या. हे औषध डेक्स्ट्रोजमध्ये घातलं तर फाटतं, स्फटिक खाली बसतात. म्हणून नॉर्मल सलाईनच. वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर न्यायचा नाही, नाहीतर बीपी कोसळतं, ठोके बिघडतात. म्हणजे किमान चोवीस मिनिटं. हे सगळं ज्या सिस्टरने करायचं, तिच्याच हातात त्या वेळी पेशंटचा जबडा आणि सक्शनची नळी असते. फार्मासिस्ट तिथे असेल तर बारा अँप्यूल तो फोडतो, बाटलीवर औषध, मात्रा, वेळ आणि थेंबांचा वेग लिहून स्टँडला लावतो. यात काही मोठी विद्वत्ता नाही. दोन हात मोकळे होतात आणि डेक्स्ट्रोजची बाटली जवळ आली तर ती कोणीतरी बाजूला करतं.

बीपी वर आणणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचं पातळ करण्याचं प्रमाण प्रत्येक कन्सल्टंटचं वेगळं असतं. मी आल्यावर सगळ्यांना एकत्र बसवून एकच प्रमाण ठरवून घेते आणि त्याचा तक्ता सिरिंज पंपाच्या वर लावते. लेबलवरचा आकडा क्षाराचा आहे की मूळ औषधाचा, हेही तेव्हाच बघून घ्यावं, कारण २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम नॉरॲड्रेनॅलिन. ब्रँड बदलला की तक्ता पुन्हा तपासायचा. खरेदी विभाग ब्रँड बदलतो आणि कॅज्युअल्टीला कळवत नाही, हे तुमच्याकडेही होतच असणार.

रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेसबद्दल एवढंच: ७२ किलोच्या माणसाला हार्ट अटॅकमध्ये ४० मिलिग्रॅम, आणि त्याच माणसाला लकव्यात किलोला ०.२५ प्रमाणे १८ मिलिग्रॅम, कमाल २५. एकच औषध आणि मात्रा जवळपास निम्मी. गडबडीत हृदयाचा डोस मेंदूच्या पेशंटला गेला, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. आमच्याकडे हे दोन तक्ते दोन वेगळ्या रंगांच्या कागदावर आहेत, आणि वजन अंदाजाने सांगितलेलं चालत नाही. वजनकाटा कॅज्युअल्टीतच हवा, ओपीडीत नको.

ट्रॉली आणि लोडिंग चांगली सिस्टर आणि चांगला तक्ता मिळूनही बऱ्यापैकी सांभाळतात. फार्मासिस्टवाचून अडतं ते पिशवीपाशी.

पेशंटबरोबर येते ती कॅरीबॅग तुम्ही रोज बघता. त्यात अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप असतात. मेडिकलवाल्याने पाच गोळ्या कापून दिल्या, नाव दुसऱ्या तुकड्यावर राहिलं, हातात आली ती नुसती चांदी. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, त्याचा उपयोग होतो, पण कोड असलेला तुकडाही बरेचदा घरीच राहिलेला असतो. आरएमओ विचारतात, "काही गोळ्या चालू आहेत का?" नातेवाईक म्हणतात, "बीपीची आणि शुगरची." झाली हिस्ट्री. फार्मासिस्टने हीच हिस्ट्री घ्यायला दहा मिनिटं द्यायची. पिशवी रिकामी करायची, गोळ्या टेबलावर ओळीने मांडायच्या आणि प्रत्येकीवर बोट ठेवून विचारायचं: ही कधी, किती, शेवटची केव्हा? मग गावच्या मेडिकलला फोन लावायचा. घरी राहिलेल्या सुनेला उरलेल्या औषधांचे फोटो व्हॉट्सॲप करायला सांगायचे.

त्यातून काय निघतं ते सांगते. संधिवाताची एक बाई आली होती, तोंड आतून सोलून निघालेलं, ताप, पांढऱ्या पेशी अगदी खाली. सगळ्यांचा कल जंतुसंसर्गाकडे. पिशवीत दोन बारीक पिवळ्या गोळ्या होत्या: मेथोट्रेक्सेट (संधिवाताचं जोखमीचं औषध) आणि फॉलिक ॲसिड. डॉक्टरांनी पहिली आठवड्यातून एकदा आणि दुसरी रोज सांगितलेली. बाई उलटं करत होत्या. रोज मेथोट्रेक्सेट, रविवारी फॉलिक ॲसिड. "पिवळी रोज घ्यायची" एवढंच त्यांच्या लक्षात राहिलेलं, आणि पिवळ्या दोन्ही. हे कळल्यावर उपचाराची दिशा बदलली, फॉलिनिक ॲसिडची, म्हणजे मेथोट्रेक्सेटवरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं शहरातून मागवली. रक्ताच्या रिपोर्टमधून हे कधी ना कधी लक्षात आलंही असतं, पण तोवर आणखी दोन-तीन डोस पोटात गेले असते, कारण नातेवाईक वॉर्डातही "आईच्या रोजच्या गोळ्या" वेळेवर देत होतेच.

दुसरं उदाहरण मधुमेहाचं. उलट्या, पोटात दुखतंय, श्वास जोरात, पण शुगर १८०. मग किटोन तपासायचं कोणाच्या मनात येत नाही. पिशवीत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा त्याच घराण्यातली गोळी दिसली, तर मी लगेच विचारते, "सर, किटोन पाठवू?" या गोळ्यांवर असलेल्या पेशंटला शुगर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस (किटोन वाढून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो. २०२० च्या शेवटी डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, किमती उतरल्या, आणि आता ती तालुक्याच्या मेडिकलमध्येही सर्रास मिळते. बरेचदा ती मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते, आणि पेशंटच्या लेखी ती निव्वळ "शुगरची गोळी".

छातीत दुखणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला जिभेखाली नायट्रेट द्यायच्या आधी सिल्डेनाफिलचं (पुरुषांची लैंगिक ताकदीची गोळी) विचारावं लागतं, कारण दोन्ही मिळून बीपी कोसळतं. बायको-मुलगा शेजारी उभे असताना कोणी हो म्हणणार नाही. मी बायकोला फाइल बनवायला काउंटरवर पाठवते आणि मगच विचारते. सिल्डेनाफिल चोवीस तासांत घेतलं असेल, किंवा त्याच कामाचं टाडालाफिल अठ्ठेचाळीस तासांत, तर नायट्रेट नाही. पुरुष पेशंट बाई फार्मासिस्टला हे सांगतात का? सांगतात. आवाज खाली ठेवून, कागदाकडे बघत विचारलं की सांगतात.

आणि डोक्याला मार लागलेला माणूस "हार्टची एक छोटी गोळी घेतो" म्हणाला, तर ती ॲस्पिरिन आहे की रक्त गोठू न देणारं ॲसिनोकुमरॉल, यावर सीटी स्कॅनची घाई ठरते. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या चालू आहेत का, हेही विचारायचं. कित्येकदा त्यांत स्टेरॉइड असतं, पुडी अचानक बंद केलेली असते आणि बीपी कशानेच वर येत नाही.

विषबाधेच्या केसमध्ये फार्मासिस्टचं काम हिशेबाचं आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचा पेशंट घ्या. त्यावरच्या ॲट्रोपिनची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. सुरुवात तीन अँप्यूलनी केली आणि छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट करत गेलं, तर ३, ६, १२, २४: पहिल्या पंधरा मिनिटांत पंचेचाळीस अँप्यूल. नंतर एकूण दिलेल्या मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला चालू ठेवायचं, म्हणजे तासाला पाच ते नऊ अँप्यूल आणखी, रात्रभर. ट्रॉलीत ॲट्रोपिन किती ठेवलंय ते आत्ता जाऊन मोजा. बहुतेक ठिकाणी दहा असतात, कारण यादी कुठल्यातरी हृदयविकाराच्या ट्रॉलीवरून उतरवलेली असते. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना विषबाधा झाली तेव्हा एका दिवशी अनेक पेशंट येणं म्हणजे काय हे सगळ्यांनी पाहिलं. तुमचा भाग कापसाचा किंवा भाजीपाल्याचा असेल, तर हंगामात साठा वाढवायचा आणि तो कुठे आहे हे रात्रीच्या सिस्टरला ठाऊक हवं. स्टोअरच्या किल्ल्या स्टोअरकीपरच्या घरी असून उपयोग नाही.

सर्पदंशाची लस, म्हणजे प्रतिविष, पावडर स्वरूपात येते. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून हळूहळू फिरवत विरघळवायची. खळाखळा हलवली तर नुसता फेस. सुरुवातीला साधारण दहा व्हायल, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण विष मुलाचं वजन बघून सोडलेलं नसतं. दहा व्हायल नीट विरघळवायला एका माणसाची पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, म्हणून हे काम दोघांत वाटून घ्यायचं आणि आधी ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवायचं. त्वचेवर चाचणी घेत वेळ घालवायचा नाही, तिच्यावरून पुढची रिॲक्शन ओळखता येत नाही. कोकणात असाल तर आणखी एक. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे विंचूदंशात प्राझोसिन वापरलं जातं, आणि ही बीपीची साधी गोळी आहे. इंजेक्शनांच्या ट्रॉलीत ती एकटी पडते, खप नाही म्हणून स्टोअरवाले परत पाठवतात. ती तिथे का आहे, हे कप्प्यावर लिहून ठेवावं लागतं.

घरी सोडायच्या पेशंटकडे कोणाचं लक्ष नसतं, त्यातही लहान मुलांकडे. पॅरासिटामॉलचे थेंब मिलीला १०० मिलिग्रॅमचे असतात, आणि १२५ चं सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं. १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर सिरप ६ मिली, पण थेंब दीडच मिली. "सहा मिली द्या" एवढंच ऐकून आईने घरातल्या थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिले, तर चौपट गेलं. मी आईला बाटली दाखवून, सिरिंज भरून, तिच्याकडून एकदा भरवून घेते. दोन मिनिटांचं काम आहे.

आता तुमच्या मनातली धास्ती, जी प्रश्नात लिहिलेली नाही: हा माणूस डॉक्टरांच्या कामात लुडबुड करेल का? चुकीचा माणूस करेल. मोबाइलवरच्या ॲपमधून वीस इंटरॅक्शनची यादी काढून प्रत्येक पेशंटमागे आरएमओंना पाठवणारे फार्मासिस्ट मी पाहिलेत. पंधरा दिवसांत त्यांचं कोणी ऐकेनासं होतं, आणि एकविसावी खरी असते तेव्हाही ऐकत नाही. निदान करणं, स्वतःहून मात्रा बदलणं हे फार्मासिस्टचं काम नाही. सीपीआर चालू असताना त्याची जागा ट्रॉलीपाशी, पेशंटच्या उशाशी नव्हे. आणि बोलायची एक रीत असते. पावसाळ्यात चार दिवसांचा ताप घेऊन आलेल्या पोराला अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन सांगितलं, तर "सर, हे चुकीचं आहे" असं नातेवाइकांसमोर म्हणून भागत नाही. "सर, प्लेटलेट यायच्यात अजून, तोवर पॅरासिटामॉल देऊ का?" असं विचारलं की सर मान हलवतात. डेंग्यू असेल तर ते इंजेक्शन टळलेलं बरं असतं, आणि सरांनाही ते माहीत असतंच. गर्दीत लक्षात राहिलेलं नसतं एवढंच.

तोंडी ऑर्डर बंद करा असं मी कुठल्याच कॅज्युअल्टीत सांगत नाही, कारण ते होणार नाही. मोठ्याने परत म्हणायचं, एवढं मात्र लावून धरते. डॉक्टर म्हणाले "मिडॅझोलाम दोन", तर सिस्टरने "मिडॅझोलाम दोन मिलिग्रॅम" म्हणायचं आणि डॉक्टरांनी "हो" म्हणायचं. दोन म्हणजे दोन मिली की दोन मिलिग्रॅम, हा गोंधळ तिथल्या तिथे संपतो. रिकाम्या अँप्यूल नोंद होईपर्यंत ट्रेमध्येच ठेवायच्या. एनएबीएचवालेही याच गोष्टी विचारतात: जोखमीच्या औषधांची यादी, सारख्या दिसणाऱ्या-सारख्या नावांच्या औषधांची मांडणी, तोंडी ऑर्डरची पद्धत. काम खरं चालू असलं की फाइल आपोआप भरते.

माणूस कोण नेमायचा? फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ च्या नियमांनी सुरू झाला. त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. ही मुलं रुग्णालयात शिकून येतात, पण रुग्णालयांत जागा नाहीत म्हणून बरीचशी कंपन्यांत दुष्परिणामांच्या नोंदी करायच्या नोकऱ्यांकडे जातात. चांगला उमेदवार मिळणं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. मुलाखतीला बोलावून त्याला पुस्तकी प्रश्न विचारू नका. तुमच्या ट्रॉलीसमोर उभा करा, पंधरा मिनिटं द्या आणि काय काय काढून टाकशील ते विचारा. फार्म.डी. नाहीच मिळाला, तर मेडिकलच्या खिडकीत दहा वर्षं काढलेला एखादा हुशार डी.फार्म. माणूस ट्रॉली, लेबलं, साठा आणि पिशवीचं काम उत्तम करेल. ब्रँड त्याच्याइतके कोणालाच पाठ नसतात. तक्ते मात्र कन्सल्टंटकडून तपासून घ्यावे लागतील.

शिफ्ट एकच ठेवा, दुपारी दोन ते रात्री दहा. आमच्याकडे कामावरून परतणारे, संध्याकाळचे अपघात, दिवसभर अंगावर काढून रात्री आलेले, सगळे याच वेळात येतात. शिवाय या शिफ्टमध्ये तिन्ही पाळ्यांच्या सिस्टर त्याला कधी ना कधी भेटतात. सकाळी कन्सल्टंट हजर असतात. रात्रीसाठी त्याने लावून ठेवलेली ट्रॉली, भिंतीवरचे तक्ते आणि फोन. पहिला महिना त्याला पेशंटच्या जवळही जाऊ देऊ नका असं मी सुचवेन. नुसतं बघायचं आणि टिपायचं: कुठलं औषध शोधायला वेळ लागला, काय दोनदा फोडलं, काय संपलेलं निघालं. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर तो राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवायचं कामही त्याच्याकडेच द्या. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक आहे, आणि गर्दीच्या आरएमओकडून ते फॉर्म कधीच भरले जात नाहीत.

पगाराचं म्हणाल तर त्याचं वेगळं बिल पेशंटला लावता येणार नाही, लावूही नये. थोडी भरपाई एक्सपायरीतून होते. टेनेक्टेप्लेस किंवा सर्पदंशाच्या लसीसारखी महाग औषधं मुदत संपायच्या आधी मोठ्या रुग्णालयाशी बदलून घेणारा माणूस आज तुमच्याकडे बहुधा नाही. बाकीचा खर्च हा सुरक्षिततेचा खर्च म्हणूनच धरा.

आता तुमच्याकडून तीन आकडे हवेत. गेल्या तीन महिन्यांच्या कॅज्युअल्टी रजिस्टरमधून दुपारी दोन ते रात्री दहा किती पेशंट आले, विषबाधा आणि सर्पदंश मिळून किती, आणि रात्रपाळीत औषध लोड करणाऱ्यांपैकी किती जण सहा महिन्यांहून जुने आहेत. ते कळवा, मग एक माणूस पुरेल की आठवड्यातून चार दिवसांवर भागेल, ते सांगते.